अक्काच्या गावी पंधरा दिवस मुका

डॉक्टर मॅडमनी घशात दुर्बीण घालून समोरच्या टीव्हीवर दाखवलं. म्हणाल्या, "हे बघा. व्होकल कॉर्डवर पॉलिप आहे." व्होकल कॉर्ड म्हणजे घशातल्या आवाजाच्या दोन पट्ट्या. त्या एकमेकींवर थरथरतात तेव्हा माणूस बोलतो. पॉलिप म्हणजे ओरडून ओरडून पट्टीवर आलेली गाठ. ज्वारीच्या दाण्याएवढी असेल. पण तेवढ्या दाण्यानं माझं तोंड बंद पाडलं होतं.

मी आष्टी भागात कांद्याचा लिलाव पुकारतो. वीस वर्षं झाली. माईकबीक काही नाही, नुसता गळा. ढिगापाशी उभं राहून भाव पुकारला की बाजाराच्या फाटकाबाहेरच्या टेम्पोवाल्याला ऐकू जायचा. याची मला लई घमेंड होती, आणि का नसावी? आवाज बसला तेव्हा तीन महिने हळद, ज्येष्ठमध, काढे, सगळं करून बघितलं. दवाखाना तेवढा नाही. ही माझी चूक, तुम्ही करू नका. तीन आठवड्यांच्या वर आवाज घोगरा राहिला की गुपचूप कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा.

ऑपरेशन तोंडातूनच झालं, बाहेर टाका नाही. गाठीचा तुकडा बायोप्सीला, म्हणजे कॅन्सर आहे का ते तपासायला पाठवला. निघताना मॅडम म्हणाल्या, "माझं काम झालं, आता तुमचं. पंधरा दिवस व्हॉइस रेस्ट. एक शब्द नाही, कुजबुज नाही, खाकरणंसुद्धा नाही. जखम ओली असताना ओरडलात तर पट्टीवर वण राहील. मग हा आवाज परत येणार नाही."

"हे अन् घरी गप्प बसणार? झालं मग!" बायको म्हणाली. तिचं खरंच होतं. माझा फोन तिनं काढून घेतला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बोलावलं. अक्का मला तिच्या गावी घेऊन गेली.

अक्काचं गाव पाटोद्याच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगराच्या अगदी पायथ्याला. अर्धं गाव उसाला, म्हणजे ऊसतोडीला गेलेलं. दाजी आणि भाचाही गेलते. अक्का म्हशीसाठी मागं राहिली होती. दारांना कुलपं, कुलपापुढं बोराटीच्या काट्या. दुपारी डोंगरावरून शेळीच्या गळ्यातली घंटी ऐकू यायची, एवढी शांतता. माझ्यासारख्याला ती नुसती चावायची.

पहिल्याच दिवशी कुत्र्यानं ताटातली भाकरी पळवली. शिवी अगदी दातांपर्यंत आली आणि गिळावी लागली. तिसऱ्या दिवशी चिडून मी बादलीला लाथ मारली, तर अंगठा ठेचला, अन् 'आई गं' म्हणायचीही सोय नाही! चौथ्या दिवशी अक्काच्या फोनवर बायकोचा फोन आला. रिपोर्ट चांगला होता, गाठ साधी होती. अक्का रडली आणि मी तिच्यापुढं नुसता हात जोडून बसलो. एक भीती गेली. आवाज येतो की नाही ही राहिली.

सहाव्या दिवशी भानगड झाली. त्या गावात उसाला निघताना प्रत्येक घर नारायण बाप्पाच्या हातात नारळ देतं. नारळ घेतला की सहा महिने त्या घराची भलीबुरी गोष्ट बाप्पानं बघायची. बाप्पा ऐंशीच्या घरातले. त्यांना दिसलं काय, तर दाजी घरी नसताना मेव्हणा येऊन बसलाय आणि सख्ख्या बहिणीशी एक शब्द बोलत नाही. दोन म्हातारे बरोबर घेऊन ते ओट्यावर येऊन बसले. अक्का कडबा आणायला गेली होती.

"कावून रं पावण्या, सा दिस झाले, भनीशी अबोला?" बाप्पांनी विचारलं. "बापाच्या जमिनीची वाटणी सोडायच्या कागदावर तिनं सही न्हाई दिली म्हून का?"

मी जोरजोरात नाही अशी मान हलवली.

"मान कावून हलवतो रं? तोंडानं सांग की!"

मी गळ्याला हात लावून दाखवला. बाप्पा काठी आपटून उठले. "गळा धरतो? कुणाचा गळा धरतो? माझ्या हवाली हाय हे घर!"

अक्कानं मला लिहायला दिलेल्या पाटीवर लिहून मी पुढं केलं. चष्मा घरी राहिला होता त्यांचा. पाटी बाजूला सारून म्हणाले, "लिहून भांडण मिटत न्हाई. असला कसला भाऊ तू? भनीची एवढीशी माया न्हाई तुला!"

हे मात्र काळजाला लागलं. तोंड उघडलं होतं मी, खरं सांगतो. एका शब्दात तिघांना गप्प केलं असतं. पण मॅडमचा तो 'वण' आठवला. तोंड मिटलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

तेवढ्यात अक्का आली. डोक्यावरची पेंढी तिनं धाडकन खाली टाकली.

"बाप्पा, त्याला बोलू नगा. ऑपरेशन झालंय त्याचं, बोलला तर आवाज जाईल. मी गप्प बसवलंय त्याला. अन् कागद म्हणता? तो मी आठ वर्साखाली सही करून दिलाय, माझ्या खुशीनं. मला वाटणी नगं, भाऊ पायजे. तुमी आवाज ऐकलाय का त्याचा? मी कांदा घेऊन गेलते तवा फाटकाबाहेर हुभी राहून ऐकलाय. टेम्पोतल्या समद्या बायांना सांगितलं, ह्यो माझा भाऊ पुकारतोय!"

हे मला माहीतच नव्हतं. बाप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघा म्हाताऱ्यांना घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव माझ्याशी हातवाऱ्यांनी बोलायला लागलं. अरे बाबांनो, मुका मी आहे, बहिरा नाही! पण सांगणार कसं? बाप्पा रोज सकाळी शेजारी येऊन बसायचे आणि तेही तोंड मिटून. डोंगराकडं बघत आम्ही दोघं हुरडा खायचो.

त्या शांततेत एकच गोष्ट डोक्यात घुमायची. वीस वर्षं मी लोकांच्या कांद्याचं कौतुक बोंबलून सांगितलं. बहिणीचं एकदाही नाही. तिनं सही केली त्या दिवशी तिला चहा पाजला आणि एसटीत बसवलं, बास.

पंधराव्या दिवशी पुन्हा दुर्बीण. पट्टी स्वच्छ होती. मॅडम म्हणाल्या, "हळूच 'आ' म्हणा." म्हणालो. आवाज जाड होता, पण माझाच होता. मी तिथंच रडलो. त्यांनी बजावलं, "पहिला आठवडा दिवसाला दहाच मिनिटं बोलायचं. आणि कामाला जाल तेव्हा माईक." आता मी माईकवर पुकारतो आणि त्याची लाज वाटत नाही.

दवाखान्यातून बाजारात गेलो नाही, घरीही नाही. बायकोला घेऊन थेट अक्काच्या गावी गेलो. बाप्पांच्या ओट्यावर उरलेलं सगळं गाव गोळा झालं. मी अक्काला हाताला धरून मधोमध उभं केलं.

"ही माझी थोरली बहीण," मी सांगायला लागलो. तिनं लहानपणी मला कसं सांभाळलं, कागदावर तिनं कशी आपल्या खुशीनं सही केली, तिच्या भरवशावर मी कसा उभा राहिलो, सगळं नाव घेऊन सांगितलं. बाप्पा कानामागं हात धरून ऐकत होते.

अक्कानं पदर डोळ्याला लावला. "बास कर की आता. ताण येईल."

"आजून सा मिनिटं हायेत," मी म्हणालो, आणि पुढं सांगायला लागलो.