बरोबर उत्तर, डी

पनागरच्या बाजूला एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. राहायला जबलपुरात, त्यामुळे रोजचं जाणं-येणं. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा शाळेत एक जाड पाकीट येऊन पडलं होतं. आत चाळीस कार्डं. प्रत्येकावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी आणि चारही कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मी प्रश्न वाचायचा, मुलांनी आपलं उत्तर वर येईल असं कार्ड धरायचं आणि मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. उत्तर बरोबर असलं की फोनवर त्या मुलाचं नाव हिरवं, चुकलं की लाल. प्रश्न वरून येणार, उत्तरंही वरून, आणि निकाल परत वरच जाणार.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला ते आवडलं. ज्या मुली सहा महिन्यांत एकदाही हात वर करत नव्हत्या, त्याही कार्ड धरायला लागल्या. खिडकीची तिरीप पडली की कार्ड वाचलं जायचं नाही, कुणाचं बोट नक्षीवर यायचं, नेटवर्कसाठी मला व्हरांड्यात जाऊन हात उंच करून उभं राहावं लागायचं. तरी चालवून घेत होते.

मग बी रुजण्याचा धडा आला. प्रश्न होता: बी अंकुरायला काय लागतं? पर्याय 'बी' होता पाणी, हवा आणि योग्य ऊब. पर्याय 'डी', पाणी, हवा आणि सूर्यप्रकाश. मी फोन फिरवला. जवळजवळ सगळा वर्ग डी. तिसऱ्या बाकावरच्या एकाच मुलीनं बी धरलं होतं. तिच्या घरी मटारची शेती आहे. मी मनात म्हटलं, चला, एकीला तरी कळलं. फोनवर पाहिलं तर सगळा वर्ग हिरवा आणि ती एकटी लाल.

मी निकाल वाचून दाखवला तशी ती उठून म्हणाली, "मैडम, मटर तो मिट्टी के अंदर ही फूट जाती है. वहाँ धूप कहाँ?"

"तू सही है," मी म्हटलं. "फोन गलत है."

मुलं हसली. मोबाइल चुकतो, हे त्यांना खरं वाटेना.

त्याच दुपारी मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. म्हणाला, प्रश्न लॉक असतात, उत्तर बदलायचा अधिकार आमच्याकडे नाही.

"मग कुणाकडे आहे?"

"कंटेंट टीमकडे, मैडम."

"त्यांचा नंबर द्या."

"तो नसतो, मैडम."

तीन वेळा लावला. तिन्ही वेळा मला एक तक्रार क्रमांक मिळाला. आठवड्यानं आमच्या हेडमास्तरांनी वरून आलेला कागद पुढे केला. त्यावर 'विशेष लक्ष द्यावे' अशा मुलांची यादी होती आणि त्या मुलीचं नाव सगळ्यात वर. मी त्यांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैडम, आपकी बात ठीक है, पर ऊपर तो यही दिखेगा."

घरी येऊन मी पिशवी आपटली तशी नवरा म्हणाला, "तू काहून एवढं डोकं खपवून राहिली? एका प्रश्नानं काय बिघडते?"

"त्या पोरीचं बिघडते," मी म्हटलं आणि चहासुद्धा केला नाही.

फोन ऐकत नाही, तर निदान वर्गाला तरी दाखवू, असं ठरवलं. त्या मुलीनं पेरणीतून उरलेले मटार घरून आणले. भिजवून दोन ताटल्यांत ओल्या फडक्यावर ठेवले. एक ताटली खिडकीत, दुसरी खडू ठेवायच्या कपाटात, कुलूप लावून. फडकं ओलं करायचं काम तिच्याकडे. पाचव्या दिवशी कपाट उघडलं तेव्हा सगळा वर्ग माझ्या पाठीवर लोटला होता. अंधारातले मटारही अगदी खिडकीतल्यांसारखे फुटले होते, पांढरीशुभ्र मुळं काढून. "अरे, इसमें भी!" म्हणून पोरं ओरडली. इतक्या वर्षांत एवढा चांगला तास माझ्या वाट्याला क्वचित आला असेल. हिरवं व्हायला, वाढायला पुढे ऊन लागतं, फुटायला नाही, हेही मी फळ्यावर लिहून दिलं.

सोमवारी उजळणीत तोच प्रश्न परत आला. मी वाचला, फोन उचलला. सगळा वर्ग डी. तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथंही डी.

मी फोन खाली घेतला. "तूने भी?"

ती उभी राहिली. माझी समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "मैडम, सही तो बी ही है. पर हरा तो डी पे आता है न."

मला तिच्यावर रागावताही येईना. मी सगळी कार्डं गोळा केली, जरा जोरातच, आणि उरलेला तास कुणाशी धड बोलले नाही. चुकलंच माझं. त्या पोरांनी काय वाकडं केलं होतं?

महिन्याच्या अहवालात आमचा वर्ग पुढे आला. शहरातल्या प्रशिक्षणात मला उभं करून अनुभव सांगायला लावलं. मी मटारची गोष्ट सांगितली, प्रश्नाचं उत्तर चुकीचं आहे हेही सांगितलं. शिकवणारे गृहस्थ मान डोलावत म्हणाले, "बहुत अच्छा पॉइंट है, मैडम. फीडबैक में डाल दीजिए." फीडबॅक फोनवरच भरायचा होता. उत्तम, चांगला, ठीक, असमाधानकारक. चारांपैकी एकावर बोट ठेवायचं. लिहायला जागाच नव्हती. मी शेवटच्यावर बोट ठेवलं, तर 'धन्यवाद' आलं आणि पान बंद झालं.

आता तो प्रश्न आला की मी आधीच सांगते, फोनकडे पाहू नका, कपाटात काय पाहिलं ते आठवा. बरीच मुलं बी धरतात. काही अजूनही डी धरतात, तेही माझी नजर चुकवून. ती मुलगी बी धरते, पण आधी एकदा माझ्या तोंडाकडे बघते, आणि ते बघणं मला आवडत नाही. अहवालात त्या एका ओळीवर आमचा वर्ग लाल दिसतो. परवा हेडमास्तर परत म्हणाले, "मैडम, इस बार तो हरा करवा दीजिए." मी नाही म्हटलं आणि तासावर निघून गेले.