कोपरा फाडलेलं कार्ड

मी पोष्टाची तिकिटं विकतो, मोबाईलवर. रिटायर होऊन केडगावात राहायला आल्यापासून हाच उद्योग, आणि आता तो मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्यातला झालाय. आमचा जुन्या संग्राहकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दर दोन-चार आठवड्यांनी त्यावर कुणाचा तरी हार घातलेला फोटो येतो. खाली सगळे हात जोडतात. आणि तेराव्याच्या आतच त्याचा मुलगा विचारतो, "पप्पांचे अल्बम आहेत, किलोवर कोणी घेतं का?" घेणार कोण, बाबा? आम्ही सगळेच विकायला बसलोय.

गिऱ्हाईक आलंच तर पहिला प्रश्न, "लास्ट प्राईस?" किंमत सांगितली की, "एवढ्यात तर नवीन मिळतं." कुठं मिळतं, तुझ्या सासऱ्याच्या घरी? असं टाईप करतो आणि पुसून टाकतो. एकानं तिकीट परत पाठवलं, का तर कडेचा एक दात तुटलाय. मी लिहिलं, माझे सात तुटलेत, तरी बायकोनं परत पाठवलं नाही. त्याला हसू आलं नाही. बायकोला वाचून दाखवलं, तर तिलाही नाही. तिचं मत ठरलेलं: तिकिटांवर घर चाललं असतं तर पोष्टमननं बंगले बांधले असते.

अशात गेल्या हिवाळ्यात बंगालकडच्या एका माणसाचा मेसेज आला. त्याला सुटी तिकिटं नको होती. अख्खी कार्डं पाहिजे होती, आणि तीही आपल्याकडची कोपरा फाडलेली. प्रदर्शनात मांडायला मयताची पत्रं जमवत होता. असली किती आहेत, असं त्यानं विचारलं.

माझ्याकडं बिस्किटाचा एक अख्खा डबा भरून होती.

पूर्वी मयताचं कार्ड टाकताना वर 'श्री' लिहीत नसत आणि एक कोपरा फाडत, म्हणजे हातात घेतल्याबरोबर समजावं. असलं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचलं की टराटरा फाडायचं, बाहेर टाकायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. खुशालीची पत्रं लोक तारेत ओवून वर्षानुवर्षं जपत, पोराला कोण हात लावू देणार? मला तिकिटांचा नाद लागला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. उकिरड्यावर पडायची ती मयताचीच कार्डं. एखाद्या घाईतल्या माणसानं न फाडताच टाकलेलं मिळालं तर मी शर्टात घालून पळायचो. माझ्या संग्रहाची सुरुवात ही अशी झाली.

पण डब्यातलं एक कार्ड उकिरड्यावरचं नव्हतं. ते मी दाबलं होतं.

आमची वस्ती काष्टीपासून लांब, आत रानात. पोष्टमन तिथवर कधी येत नसे. शाळेत येऊन आमच्या हाती टपाल द्यायचा. एके दिवशी त्यानं कोपरा फाडलेलं कार्ड दिलं, शेजारच्या काकांच्या नावाचं. त्यांचं लग्न होऊन वर्ष झालं असेल. काकीचं माहेर लांब, नेवाशाकडं. माहेरी आई आणि एकच भाऊ. ही काकी मला रोज ओंजळभर शेंगा द्यायची.

वाटेत मी कार्ड वाचलं. तिची आई गेली होती.

आधीच्या महिन्यात असलंच एक कार्ड मी दुसऱ्या घरी दिलं, तर तिथल्या म्हातारीनं छाती बडवून घेत मलाच शिव्या घातल्या होत्या, पांढऱ्या पायाचं कार्टं म्हणून. ती भीती होतीच. पण खोटं कशाला बोलू, हावही होती. कार्डाचा दर नुकताच वाढला होता, म्हणून जुन्या कार्डावर एक जादा तिकीट चिकटवलेलं, आणि त्याच्यावर गोल शिक्का असा स्वच्छ की गावाचं नाव वाचता यावं. दिलं की काका फाडणार. म्हटलं, उद्या देऊ. उद्याचं परवा झालं. मग दहावा होऊन गेला आणि द्यायची सोयच राहिली नाही.

काकीला दोन महिन्यांनी काष्टीच्या बाजारात कुणा माहेरच्या माणसाकडून कळलं. भाऊ म्हणे, मी कार्ड टाकलं होतं, ही आली नाही. ही म्हणे, "कुठाय कार्ड? वाऱ्यानं नेलं का? आई मेल्याली कळवायला दोन ओळी जड झाल्या आन् वर खोटं बोलतोय!" दोघंही एका आईची, ताठ्याला कमी नाहीत. तिनं माहेर तोडलं ते तोडलंच. पन्नास वर्षं राखी नाही, भाऊबीज नाही. गेल्या वर्षी तो भाऊ वारला, तरी ही गेली नाही. सगळ्या वस्तीला ही गोष्ट तोंडपाठ. लग्न होऊन आल्यावर माझ्या बायकोनंही ती काकीच्याच तोंडून ऐकली होती.

आणि मी? मी ऐकत राहिलो. पुढं नोकरी लागली, पोरं झाली, दर दिवाळीला त्या घरचा फराळ खाल्ला. डबा आमच्याबरोबर घरं बदलत गेला.

फोटो काढायला मी डबा माळ्यावरून खाली घेतला, तोच बायको आली. "अगं बाई! असली कार्डं? लग्न झाल्यापासून माझ्या डोक्यावर? आधी बाहेर काढा!" मग ओट्यावर पेपर पसरून एकेक मांडलं. पत्त्यांवर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढले, नंबर टाकले आणि बंगाल्याला पाठवले. त्यानं अर्ध्या तासात उत्तर दिलं. बाकीची ठीक आहेत, पण सात नंबर कुणालाही देऊ नका. मी सांगितलेली किंमत त्यानं न कुरकुरता मान्य केली. असं माझ्या धंद्यात कधी झालं नव्हतं.

सात नंबर कोणतं, हे मला बघायची गरज नव्हती.

"आता ही पुन्हा माळ्यावर चढवायची नाहीत," म्हणत बायको कार्डं गोळा करत होती. सात नंबरवरची पट्टी घसरली. तिनं पत्ता वाचला. पालथं करून मजकूर वाचला. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "काकीला तर हे मिळालंच नव्हतं ना?"

मी पट्टी उचलून पुन्हा पत्त्यावर ठेवायला गेलो. तिला सगळं समजलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "उद्या नेऊन द्या. तुम्ही नाही गेलात तर मी जाईन."

"पन्नास वर्षं झाली. आता देऊन काय होणार? भाऊही गेला."

"तुमचं काय होईल याची तुम्हाला भीती आहे. दुसरं काही नाही."

बरोबरच होतं ते. त्या घरानं मला तोंड दाखवू दिलं नसतं, वस्तीनं छी-थू केली असती. मला लाज वाटत होती आणि तेवढाच रागही येत होता, बायकोचा, त्या बंगाल्याचा, मेलेल्या पोष्टमनचासुद्धा. तरी सकाळी मोटारसायकल काढली.

काकी ओसरीत शेंगा फोडत बसली होती. काका जाऊन बरीच वर्षं झाली. डोळ्यांना कमी दिसतं, आवाजावरून ओळखते. "बस की. लई दिसांनी आलास," म्हणाली आणि सुनेला हाक मारली, "च्या टाक गं."

मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं बोटांनी चाचपलं. फाडलेल्या कोपऱ्यावर बोट आलं तसं थांबलं.

"कोन गेलं रं?"

मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. कुठं घेतलं, का दिलं नाही, कुठं ठेवलं. शेवटी कार्ड पुढं करून म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. वाच."

मी वाचलं. "मातोश्री शनिवारी पहाटे वारल्या. दहावा पुढच्या सोमवारी प्रवरासंगमी. दाजी, ताईस घेऊन जरूर येणे. शेवटपर्यंत तिचेच नाव घेत होत्या. ती आल्याशिवाय कावळा शिवणार नाही."

"तवाबी वाचलं हुतंस?"

"व्हय काकी."

"समदं?"

"समदं."

तिनं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "शिवला नव्हता. दुपार झाली तरी कावळा शिवंना, दर्भाचा करावा लागला, आसं लोक सांगायचे. मी म्हनायची, बरं झालं." मग एकदम आवाज फुटला, "माजा भाऊ खोटा नव्हता रं!"

मी तिच्या पायाशी वाकलो. तिनं पाय मागं ओढून घेतले.

"आजून एकदा वाच," म्हणाली. मी वाचलं. माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि फाडलं. दोन तुकडे, चार, आठ. एवढ्या म्हातारपणी बोटांत जोर कुठून आला, कोण जाणे. उठून भिंतीला धरत दारात गेली आणि तुकडे बाहेर टाकले. त्यात ते जादाचं तिकीटही गेलं, मी ज्याच्यासाठी हे केलं होतं ते.

सून चहाचा कप घेऊन बाहेर आली. काकी तिला म्हणाली, "च्या ठिव आत. मयताचा सांगावा आनलाय त्यानं, त्याला च्या देत न्हाईत. न्हानीत पानी टाक." आणि माझ्याकडं न बघता, "तू बी घरात शिरायच्या आदी आंघुळ कर. लई वर्सं बाळगलंस."

मी गाडीपाशी आलो. न्हाणीतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि मग तिनं हेल काढला, "आगं माजे आई गंऽऽ..." ताज्या मयतावर काढतात तसा.

आजूबाजूच्या घरांतून बाया धावत आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या काखेत पोर. मला बघून त्यातली एक थांबली.

"कोन गेलं वो?"

"काकीची आई," मी म्हणालो. "कार्ड माझ्याकडं राह्यलं हुतं."