खांबाची जागा

आमच्या गावची जुनी दगडी मंडई गेल्या महिन्यात पाडली. छपरात पिंपळ उगवून दगड सुटू लागले तेव्हा कुणी हात लावला नाही, आणि आता तिथे काय बांधावं यावर चहाच्या टपरीवर रोज वाद चालतो. एकाला पार्किंग हवं, दुसऱ्याला दुकानांची इमारत. तो पिंपळ माझ्याही डोळ्यांदेखत वाढला, म्हणून मी गपचूप चहा पितो.

दसऱ्याच्या सकाळी फुलं आणायला गेलो. सपाट केलेल्या मोकळ्या जागेवर भाजीवाल्या नेहमीसारख्या बसल्या होत्या, पण मधेमधे हातभर जागा सुटलेली. मेथीवाल्या इंदूबाईंच्या पाठीमागे तशाच रिकाम्या मातीवर हळदकुंकू वाहिलं होतं आणि झेंडूची माळ गोल मांडली होती.

"इंदूबाई, हे काय पुजलंत?"

"खांब," जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या. "आधी सासूनं पाठ टेकली त्याला, मग मी. पाडला म्हणून काय पूजा चुकवायची?"

मी वर पाहिलं, तर नुसतं आभाळ. खाली मात्र झेंडूची वर्तुळं ओळीनं लांबवर गेली होती. अख्खी मंडई तिथे उभी होती. मला चपला काढाव्याशा वाटल्या.

तेवढ्यात टपरीवरचे ते दोघे पिशव्या घेऊन वाद घालतच आले. माळेपाशी एक डावीकडून गेला, दुसरा उजवीकडून, आणि पलीकडे पुन्हा एकत्र झाले. दोघांपैकी कुणीही खाली पाहिलं नव्हतं.