नानांनी ओळखलेलं ठिगळ

रस्त्याकडेला चाक उघडून बसलेला पंक्चरवाला दिसला की ती घटना आजही आठवते आणि मान आपोआप खाली जाते. सत्तरच्या दशकाची नुकती सुरुवात होती. मी भिंगारला नवा फौजदार होतो, आणि नव्या फौजदाराला आपणही चुकतो हे ठाऊक नसतं.

बाजारच्या दिवशी एका डॉक्टरांची मोटारसायकल दवाखान्यासमोरून चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी ते फिर्याद द्यायला आले, तेव्हा सोबत त्यांचा कंपाउंडर होता. पांढरेशुभ्र कपडे, गोड बोलणं, पोटरीला पट्टी. तिसऱ्या दिवशी गाडी पुण्याच्या रस्त्यावर सुप्याच्या पुढे बाभळींच्या आड सापडली. टाकी कोरडी, मागचं चाक बसलेलं.

त्याच दुपारी कंपाउंडर एकटा आला. "साहेब, माझं नाव घेऊ नका. पण लष्करी छावणीच्या वर्कशॉपातला एक फिटर त्या दिवशी ही गाडी ढकलत होता. मी एसटीतून पाहिलं." शिकलेल्या माणसाची खबर म्हणून मी ती तशीच उचलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच, बाजारच्या दिवशी सुट्टीवर असलेल्या फिटरला चौकशीसाठी आणलं.

"सुट्टीला गावी गेल्तो साहेब," तो म्हणाला. "रस्त्यात एक मानूस गाडी ढकलत हुता, म्हनून हात लावला. कुठं कामाला हाय ते त्यानं इचारलं, मी सांगितलं. मैलभर ढकलली अन् आमच्या वाटंनं वळलो."

"माणूस कोण?"

"वळख न्हाई."

मी हसलो. प्रत्येक चोराला वाटेत एक अनोळखी माणूस भेटलेलाच असतो, असं मी हवालदारांना ऐकवलंही. दरडावून झालं, गोडीगुलाबीनं झालं, त्याचं उत्तर बदललं नाही. त्याला मी निगरगट्टपणा समजलो. संध्याकाळी अटक दाखवायचं ठरलं. अटक कागदावर आली की छावणीतली नोकरी जाणार, हे त्याची बायको जाणून होती. भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन ती सकाळपासून ठाण्याच्या पायरीवर बसली होती. "दादा, घरात त्यो एकलाच कमावता हाय," एवढंच ती हवालदारांना पुन्हा पुन्हा सांगत होती.

पंचनामा झाला होता. गाडी डॉक्टरांच्या ताब्यात द्यायची म्हणून हवालदारांनी बाजारातल्या नानांना पंक्चर काढायला बोलावलं. डॉक्टरांची गाडी नेहमी त्यांच्याकडेच असे. नानांनी ट्यूब बाहेर काढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात फिरवली आणि थांबले.

"साहेब, ही दोन ठिगळं माझी. हे तिसरं माझं न्हाई."

"कशावरून?"

"मी गोल कापतो. कोपरा ठेवला की उचकटतो. हे चौकोनी हाय, अन् चारी कोपरे कातरल्यात. सुपा फाट्याचा गडी असं करतो. माझ्याच हाताखाली शिकला, पर गोल कापायचा त्याला कटाळा."

मी हातातली लेखणी ठेवली आणि जीप काढली.

फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं ठिगळ बघताच मान डोलावली. "माझंच हाय. एकटाच आल्ता, पांढऱ्या कपड्यातला. गाडी त्याची वाटली न्हाई बघा, पाना कुठं आसतो त्ये बी ठावं नव्हतं. चाक काढताना सायलेन्सरवर पोटरी टेकवली अन् भाजून घेतली. मीच पानी वतलं."

ती पट्टी मी माझ्या टेबलासमोर पाहिली होती. ठाण्यात परतलो, कंपाउंडरला बोलावलं आणि पट्टी सोडायला सांगितली. पट्टी सुटायच्या आत तो बोलता झाला. गाडी पुण्याकडे नेऊन विकायची होती, वाटेत पेट्रोल संपलं. फिटर आपल्याला ओळखेल या भीतीनं त्यानं आधी फिटरकडेच बोट दाखवलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्या ऐकायला मी कान देऊन बसलो होतो.

फिटरला मी दिवसभर उलटसुलट विचारलं. खबर आणणाऱ्याला मात्र एकही प्रश्न विचारला नव्हता. पुढच्या सगळ्या नोकरीत मी खबर देणाऱ्याला आधी बसवून घेत आलो. हा धडा मला प्रशिक्षणात नाही, नानांच्या घमेल्यापाशी मिळाला. त्यांच्यामुळे एका निरपराध माणसाची भाकरी शाबूत राहिली आणि मी आयुष्यभराच्या टोचणीतून वाचलो. हे ऋण मी मानतो.

फिटरला सोडताना मी चूक कबूल केली आणि पंक्चरवाल्यानं ठिगळ कसं ओळखलं तेही सांगितलं. त्यानं हात जोडले. मग बायकोकडे जाता जाता मागे वळून हवालदारांना विचारलं, "त्या पंक्चरवाल्या बाबांचं नाव काय वो? घरात देवाम्होरं घ्यायला हवं."

माझं नाव त्यानं विचारलं नाही.