वीसच्या पुढे न जाणारी जीप

शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी मी गाडी चालवायला शिकले. लायसन्स हातात आलं आणि घरात गाडी कुठली घ्यायची यावर चर्चा सुरू झाली. नवऱ्याने आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालवलेलं नाही, पण मतं पक्की. घ्यायचीच तर छोटी, पांढरी, ऑटोमॅटिक. मला जीप हवी होती. डोंबिवलीत सगळं आयुष्य मी रिक्षातून रस्ता बघितला, तोही ड्रायव्हरच्या मानेच्या बाजूने जेवढा दिसतो तेवढा. आता उंचावर बसून समोरचा अख्खा रस्ता बघायचा होता. शिवाय तीस वर्षं मुलांना सह्याद्रीच्या घाटांची नावं पाठ करायला लावली आणि स्वतः त्यातल्या दोनच घाटांतून गेले, एवढी लाज पुरेशी होती.

मानपाड्याच्या पुढे एका गावात अशी जीप विकायला आहे असं कळलं. जुनी, चारही चाकांना जोर देणारी, नुकतंच पासिंग करून घेतलेली. मालक सत्तरीचे शेतकरी. गुडघे गेले म्हणून विकत होते, पण विकायची इच्छा दिसत नव्हती. मी गाडीबद्दल विचारायचं, तर तेच मला विचारत राहिले. कुठे राहता, काय भरणार गाडीत, चालवणार कोण. मी चालवणार म्हटल्यावर त्यांनी बराच वेळ माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "मी फक्त बसणार आहे."

मग त्यांनी मला पडीक शेतात गाडी चालवून दाखवायला सांगितली. तिथे तीनदा बंद पडली. ते लांब बघत राहिले. तरी आठवड्याने गाडी द्यायला तयार झाले. न्यायला गेलो त्या दिवशी स्वतः आधी आत चढून बसले, काहीतरी खुडबुड केली, मग उतरले. गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता, त्याला सध्या हात लावू नको म्हणाले. "आता ने, बाय. सावकाश ने."

सावकाशच आणली. दुसरं काही शक्यच नव्हतं. इंजिनाचा आवाज रस्ताभर ऐकू जाईल एवढा, आणि काटा वीसच्या पुढे सरकायचं नाव घेईना. चौथा गिअर टाकून पाय दाबला की गाडी अशी ओरडायची, की मीच घाबरून पाय काढायचे. जुन्या गाड्या अशाच असतात अशी मी स्वतःची समजूत घातली. स्टीअरिंगही भलतंच जड. सोसायटीच्या गेटात वळताना टायर किंचाळायचे आणि मी अंगातला सगळा जोर लावायचे. रात्री नवरा माझ्या खांद्यांना तेल चोळत म्हणायचा की शेतकऱ्यांच्या तब्येती का चांगल्या असतात ते आता कळलं.

पण मला अभिमान होता. शाळेसमोरच्या चढावर, बाजारातल्या कोंडीत, कुठेही माझी गाडी बंद पडत नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मी सिग्नलला हमखास बंद पाडायचे, आणि इथे एवढी मोठी जीप एकदाही नाही. म्हणजे हात बसला, असं मी धरून चालले. आमच्या मजल्यावरचे काका सकाळी फिरायला निघायचे, ते खिडकीला धरून नवऱ्याशी गप्पा मारत बाजूने चालायचे, आणि पाण्याच्या टँकरचा विषय पूर्ण संपवून मगच वळायचे. नवरा नातेवाइकांना फोनवर सांगायचा की हिच्यासारखी संयमी ड्रायव्हर सबंध ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही.

मग कल्याणला नणंदेकडे जेवायला बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची जेवणं होऊन गेली होती. नणंदेच्या यजमानांनी खाली येऊन जीपभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला की इंजिन संपलेलं आहे, तुम्हाला फसवलंय. विठ्ठलवाडीला जुन्या जीपचं काम करणारा एक वयस्कर मेकॅनिक आहे, त्याला दाखवा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी गेलो. मेकॅनिकने गॅरेजसमोर एक चक्कर मारली, परत आला, इंजिन बंद केलं आणि कुठून आलात विचारलं. डोंबिवलीहून, म्हटलं.

"अशीच चालवत?"

अशीच, म्हटलं. किती दिवस? अठरा. त्याने आतल्या दोन कारागिरांना हाक मारून बाहेर बोलावलं आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग हात घालून तो छोटा दांडा ओढला. हा चिखलातून गाडी बाहेर काढायला असतो, त्याने समजावलं. ताकद खूप, वेग नाही, आणि चारही चाकं एकत्र ओढतात म्हणून डांबरी रस्त्यावर वळायला जड. काही मोडलं नाही हे नशीब. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. एवढं बघायला मिळालं ते बस झालं, म्हणाला.

परत येताना गाडी चाळीसने धावली. मला तो वेग विमानासारखा वाटला. नवऱ्याने दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली होती. घर आल्यावर म्हणाला, "आधी बरं होतं."

मी मात्र संतापले होते. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन तडक मालकांकडे गेले. वाटेत बोलायचं सगळं मनात मांडून ठेवलं होतं, वर्गाबाहेर उभं करताना बोलायचे त्या आवाजात. ते ओट्यावर बसले होते. आधी पाणी दिलं. मी दांड्याचं विचारलं.

"मीच टाकलेला," ते म्हणाले. "त्या दिवशी शेतान तीनदा गारी बंद पारलीस. मी बोललो, ही घरी कशी जाल? असा टाकला का गारी बंद परत नाय. मना वाटला, दोन दिसांनी फोन करशील, गारी पलत नाय म्हनून. तवा सांगनार होतो." मग म्हणाले, "तू फोनच नाय केलास."

माझं भाषण तिथेच राहिलं. एवढे दिवस मी ज्याला माझा बसलेला हात समजत होते, तो त्यांनी टाकलेला दांडा होता. हसावं की रडावं कळेना. नवरा हसला. मग मालकही हसले, पण माझ्याकडे बघून नाही.

त्यांनी मला पुन्हा शेतात नेलं. गुडघा धरत शेजारी बसले आणि तासभर शिकवलं. दांडा कधी टाकायचा, कधी काढायचा, क्लच किती हळू सोडायचा. नवरा बांधावर उभा राहून लांबूनच बघत होता. गाडी बंद पडली की मालक खिडकीबाहेर बघायचे, आणि पुन्हा सुरू झाली की मान आत घ्यायचे. निघताना म्हणाले की आता अडलं तर फोन कर, लाजू नको.

घरी पोचेपर्यंत रस्त्यात गाडी चार वेळा बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवले, मी खिडकीतून हात हलवून सॉरी म्हटलं आणि पुन्हा चावी फिरवली. आपण काही मोजलं नाही, असं नवरा म्हणाला. संध्याकाळी नणंदेला फोनवर मात्र चार हा आकडा त्याने अचूक सांगितला.