मचाणावरचा बाप

आमच्या वेल्डनमध्ये फुटबॉल म्हणजे डोक्यावर हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा तो. पायाने खेळायच्या सॉकरला इथे कुत्रं विचारत नाही, त्यातून मुलींचा सॉकर म्हणजे तर बोलायलाच नको. अशा गावात लायल कुचेराने आपल्या पोरीला कॉलेजच्या टीममध्ये घालायचा चंग बांधला, तेव्हा लोक हसले. खोटं कशाला बोला, हसण्यासारखंच होतं ते.

लायल शेतांतली पाण्याची यंत्रं दुरुस्त करतो. मक्यातून चाकांवर गोल फिरणारे ते पाव-पाव मैल लांब नळ असतात, ते. हात सोन्याचा आहे बाबाचा. तोंडाबद्दल मात्र न बोललेलं बरं. शाळेत असताना त्याला कुठल्याच टीमने घेतलं नव्हतं, पाणी वाहायलासुद्धा नाही. हे तो कुणाला सांगायचा नाही, पण गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे त्याची ब्रिन नवव्या वर्षी गोलात उभी राहिली आणि कुणीतरी कौतुकाने म्हणालं, काय लांब हात आहेत पोरीचे, तेव्हापासून हा माणूस हवेत चालायला लागला.

त्याला सॉकरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते शिकवलं युसेबियो मोंटेसने. युसेबियो इथल्या कत्तलखान्यात कामाला, आणि त्याची यारेली ब्रिनच्याच टीममध्ये, गोलासमोरची बचावाची पोर. दोघी पोरी पहिलीपासून एकमेकींच्या गळ्यात गळे घालून वाढलेल्या. मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी उभं राहून युसेबियोने बायकोने दिलेले मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले लायलच्या हातात ठेवावेत आणि ऑफसाइडचा नियम समजावून सांगावा, असे तीन हंगाम गेले. चौथ्या हंगामात लायल युसेबियोलाच शिकवायला लागला.

मग आलं ते मचाण. जुने पाण्याचे नळ जोडून लायलने आपल्या पिकअपच्या पाठीवर दहा फूट उंच सांगाडा उभा केला. वर फळी, फळीवर कॅमेरा, कॅमेऱ्याशेजारी बसायला एक पालथी बादली. प्रत्येक मॅचला पिकअप मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेसमोर लावायची आणि वर जाऊन बसायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते लायलकडे बघून कळावं. वरून तो पंचाला शिकवायचा, टीमच्या कोचला शिकवायचा, समोरच्या पोरींच्या आईबापांनाही सोडायचा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कॉलेजच्या कोचसाठी. टीमसाठी पोरी निवडणारे हे कोच लोक गावोगावच्या स्पर्धांना येतात, गोलामागे घडीची खुर्ची टाकून बसतात, वहीत काहीतरी खरडतात आणि कुणाशी अक्षर न बोलता निघून जातात. त्या वहीत आपल्या पोरीचा नंबर उतरावा म्हणून दोन वर्षं लायलने सुट्टीचा एकही दिवस घरी काढला नाही. रविवारी बसून तो ब्रिनच्या झेपांचे तुकडे जोडायचा, चेंडू येण्याआधी तिच्याभोवती लाल गोल काढायचा, मैदानावरचा गोंगाट पुसून वर गाणं चढवायचा. असं चार मिनिटांचं चित्रण त्याने एकशे चाळीस कोचना धाडलं. सोबतचं पत्र लिहायचा लायल, खाली नाव ब्रिनचं. त्याची बायको डीना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, शहाणी बाई आहे. ती एकदा म्हणाली की पोरीला विचार तरी तिला जायचंय का. लायलच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तो दोन दिवस जेवायला गॅरेजमध्ये बसला.

खरं म्हणजे पोरीला जायचं होतं. बापापेक्षा जास्त. नियम असा, की दहावी संपेपर्यंत मोठ्या कॉलेजांच्या कोचनी मुलांना फोन करायचा नाही. मग पंधरा जूनला ती बंदी उठते. त्या दिवशी ब्रिन सकाळपासून फोन टेबलावर ठेवून समोर बसली होती. दिवसभरात एकदा वाजला, तो दाताच्या डॉक्टरांकडून होता. संध्याकाळी तिने उठून भांडी घासली आणि म्हणाली, असू दे, अजून वर्ष आहे.

वर्ष उलटून ती बारावीत गेल्यावर ऑक्टोबरात एक उत्तर आलं. आयोवा राज्यातलं छोटंसं कॉलेज, कोच ऑस्टरगार्ड नावाच्या बाई. त्यांची गोलकीपर यंदा शिकून बाहेर पडत होती आणि जागा एकच होती. त्यांनी लिहिलं होतं की चार मिनिटांत सगळ्याच मुली चांगल्या दिसतात. मला एक पूर्ण मॅच पाठवा, शक्यतो हरलेली. काही कापू नका, काही चढवू नका, आहे तशी द्या.

लायलने लगेच ठरवलं कुठली मॅच ते. मुक्या शनिवारची.

हा मुका शनिवार आमच्या लीगने काढला, त्याला कारण आम्हीच. एका चौदा वर्षांच्या पंच पोरीला आईबापांनी इतकं फैलावर घेतलं होतं की ती मॅच अर्धवट सोडून रडत घरी गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून हंगामातला एक शनिवार आईबापांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. फाटकाशी प्रत्येकाच्या हातात काडीचं चॉकलेट ठेवतात, ते चोखत बसायचं. त्या दिवशी लायलही गुमान मचाणावर चढला. खालून बघणाऱ्यांना वाटलं, चला, याचंही तोंड एकदाचं बंद झालं. ब्रिन मात्र त्या दिवशी कधी नव्हे अशी खेळली. टीम तीन-एकने हरली, पण तिने अडवलेले चेंडू मोजून आमची बोटं दुखली. खाली उतरून लायलने तिला छातीशी धरलं आणि म्हणाला की आजवरची तुझी सर्वांत भारी मॅच.

ती मॅच त्याने आहे तशी पाठवली. बाईंनी सांगितलं होतं, हात लावू नका, म्हणून खरोखरच हात लावला नाही. आवाज पुसायचं काम तो तुकडे जोडताना करायचा. इथे जोडायचं काहीच नव्हतं.

आठवड्याने बोलावणं आलं. बापलेक चार तास गाडी हाकत गेले. ब्रिनने आईचा निळा कोट घातला होता. कोच ऑस्टरगार्ड उंच, पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी मैदान दाखवलं, मुलींशी भेट घालून दिली, जेवू घातलं. मग दोघांना आपल्या खोलीत नेलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर मॅच लावली. त्यांची ही रीतच होती: मुलीशेजारी बसून तिचाच खेळ बघायचा आणि विचारायचं की इथे तुझ्या मनात काय चाललं होतं. आत्तापर्यंत ती मॅच त्यांनी गाडीत, प्रवासात, लहान पडद्यावर आवाज बंद करून बघितली होती. भिंतीवरच्या पडद्याला आवाज होता.

सुरुवातीला वारा ऐकू आला, आणि काडी चोखल्याची चटचट. मग अगदी कानाशी बोलावं तसा एक पुरुषी आवाज, हळू, न चिडता.

"पुढे ये. ये ना पुढे. नाही येणार. घाबरट आहे."

लायलला आधी कळलंच नाही की हा कोण बोलतोय. मग कळलं आणि त्याची पाचावर धारण बसली. त्या दिवशी ओरडायला बंदी होती. पण जित्याची खोड अशी जाते होय? तोंडातल्या तोंडात तो पूर्ण वेळ बोलत होता, आणि कॅमेरा होता वीतभर अंतरावर. आपण एवढं बोललो हे त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं.

"ही यारेली म्हणजे म्हैस. हिला काय, बापामागे कत्तलखान्यातच जायचंय," आवाज म्हणाला.

ब्रिन पडद्याकडे बघत राहिली. कोचच्या हातात रिमोट होता. त्यांनी बटण दाबलं नाही.

"कोण आहेत हे?" त्यांनी विचारलं.

"समोरच्या टीमचे कुणीतरी असतील," ब्रिन म्हणाली. "दोरीपाशी लोक काहीही बोलतात."

पोर बापासाठी खोटं बोलली, आणि बाप शेजारी लालबुंद होऊन बसला होता. पडद्यावर समोरची मुलगी चेंडू घेऊन एकटीच धावत आली. ब्रिन गोलातून पुढे निघता निघता थांबली, चेंडू तिच्या बाजूने आत गेला.

"बघ. डीनाची पोर," आवाज म्हणाला. "वेळेवर कचरणार. हिचं कुठे काही व्हायचं नाही. दोन वर्षं फुकट घालवली मी."

तेव्हा कोचनी मॅच थांबवली. त्यांनी ब्रिनला एका मुलीबरोबर मुलींच्या राहायच्या खोल्या बघायला पाठवलं आणि लायलला बाहेर व्हरांड्यात घेतलं. त्या रागावल्या असत्या तर लायल भांडला असता, भांडणात तो कुणाला हार जात नाही. पण बाई रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या की पोर गुणी आहे, हात सुरेख आहेत, पुढे यायला मी तिला महिन्याभरात शिकवलं असतं. पण घेता येणार नाही.

"शिक्षा मला करा," लायल म्हणाला. "मी एकाही मॅचला येणार नाही. कागदावर लिहून देतो. तिला घ्या."

"तुम्ही न आल्याने ते ऐकू यायचं थांबत नाही, मिस्टर कुचेरा. माझ्याकडे अशी एक मुलगी होती. दुसऱ्या वर्षी ती जेवेनाशी झाली. तिला घरी पोचवायला मी गेले होते. पुन्हा तेवढं बळ माझ्यात नाही."

लायल ब्रिनला बोलवायला खोल्यांकडे निघाला.

परतीच्या रस्त्याला ब्रिनने विचारलं की काय म्हणाल्या. तो म्हणाला, कळवतो म्हणाल्या. कापणी झालेली शेतं दोन्ही बाजूंनी मागे जात होती. तासभर लायल मनात वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता.

मग तीच म्हणाली, "डॅड, माझं कुठे काही व्हायचं नाही, ते खरं आहे का?"

"अगं, रागात माणूस काहीही बोलतो."

"रागात नव्हतास तू. हळू बोलत होतास."

रागात तो रोजच असायचा, आणि त्याच्या रागाचं पोरीला काही वाटायचं नाही. हे दुसरं होतं.

"आणि खाली उतरून मला म्हणालास, सर्वांत भारी मॅच," ब्रिन म्हणाली. "प्रत्येक मॅचनंतर काही ना काही म्हणतोस. मी ते सगळं खरं धरत आले."

लायलने गाडी कडेला घेतली. निदान आता तरी खोटं बोलायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि सगळं सांगून टाकलं. व्हरांड्यात काय झालं, बाई काय म्हणाल्या, ती जेवेनाशी झालेली मुलगी, सगळं. एक शब्द लपवला नाही.

"त्यांनी तुला नाही नाकारलं, ब्रिन. मला नाकारलं. तुझे हात सुरेख आहेत म्हणाल्या. महिन्याभरात शिकवलं असतं म्हणाल्या. देवाशपथ."

ब्रिनने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"हे पण मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस का?" तिने विचारलं.

"नाही गं पोरी. फोन करून विचार त्यांना. आत्ता विचार."

तिने मानेनेच नाही म्हटलं आणि खिडकीकडे तोंड वळवलं. फोन तिच्या मांडीवर होता, बाईंचा नंबरही त्यात होता. वेल्डन यायला अजून तीन तास होते. तेवढ्या वेळात तिने तो एकदाही उचलला नाही.