भोकं न पाडलेला ॲम्प्लिफायर

डोंबिवलीत आम्ही भाड्याने राहायचो त्या चाळीचे मालक आगरी. अंगाने इतके आडवे, की ते दारात उभे राहिले की आम्हाला भरदुपारी दिवा लावावा लागे. नव्वदच्या आसपास त्यांच्या मुलीचं लग्न निघालं आणि मी, पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षातला महापंडित, बोलून बसलो, "काका, हळदीला ॲम्प्लिफायर माझा!"

काका गडगडून हसले. "हलद सुकी गेली तं खोली खाली करायची, काय रं?"

हे हसणं गमतीचं की नोटिशीचं, ते कळेना. आईने गुपचूप माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

बहिणीच्या नेलपेंटने तांब्याच्या बोर्डावर इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातला सर्किटचा नकाशा रेखला, नेलपेंटबाहेरचं नको असलेलं तांबं फेरिक क्लोराइडच्या द्रावणाला खायला घातलं. हळदीच्या सकाळी भागांचे पाय घालायला बोर्डाला भोकं पाडायला बसलो तर ड्रिलचं केसाएवढं बिट पहिल्याच भोकात मोडलं. म्हटलं, भोकं हवीत कशाला? सगळ्या भागांचे पाय छाटले, वाकवले आणि तांब्याच्याच बाजूला बसवून कथलाचा डाग दिला. वीज सोडली.

टप्! आयसीच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काळ्या चिपच्या, डोक्याला खड्डा. धूर असा, की पार कल्याणपलीकडच्या मोहन्यापर्यंत माणसं खोकली असतील.

"दादा," बहीण म्हणाली, "ट्रंकेत आधी तुझी पुस्तकं भरू का?"

मासिकाचं पान हातात धरून बघत राहिलो आणि चूक सापडली. नकाशा तांब्याच्या बाजूने पाहून काढलेला. भाग पलीकडून, भोकांतून येणार असं धरून. मी ते अलीकडेच बसवले. दोन पायांच्या भागांचं काही बिघडलं नाही, पण आयसीचे पाय डाव्याचे उजवीकडे गेलेले आणि वीज भलत्याच पायात शिरलेली.

दुसरी आयसी एकच होती. ती मेलेल्या झुरळासारखी उताणी केली आणि चिमट्याने तिचा एकेक पाय उलटा वाकवला. एक जरी मोडला असता तर आम्ही शीळफाट्यावर तंबू ठोकून राहिलो असतो. आई शेगडीपाशी श्वास रोखून बसलेली. डाग दिला, डोळे मिटले, बटण दाबलं. स्पीकर खरखरला. मला देवाचा आवाज तसाच वाटतो अजून.

मांडवात गाणं लागलं आणि सगळा पाडा नाचायला उठला. मी मात्र ॲम्प्लिफायरच्या पेटीशी, बोट आयसीवर. ती तव्यासारखी तापलेली. पुठ्ठ्याने वारा घालतोय, तोच काकांनी माझ्या पाठीवर हळदीचा अख्खा पंजा उमटवला.

"मोठा कर रं! खोली तुजीच, जा!"

मी जीव मुठीत धरून बटण पिळलं. वाजलं! आई लांबून रडत हसत होती.

काका वाकून कानाशी आले. "उद्या वरातीला पन हाच लावायचा. गाडीवर."

खड्ड्यांच्या रस्त्याने, उताण्या आयसीला घेऊन. मी मान हलवली आणि वारा घालत राहिलो.